जबलपूर : वास्तू, संग्रहालये आणि विखुरलेला ठेवा

जबलपूरला येणारा मराठी प्रवासी बहुधा भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि धुवांधार धबधबा पाहून परततो. नर्मदेच्या काठावरील हे शहर त्याहून बरेच अधिक काही सांगू शकते. कलचुरी राजांची सहस्र वर्षांपूर्वीची राजधानी, गोंड राज्याचा गड, १८५७ मध्ये तोफेच्या तोंडी दिलेल्या पितापुत्रांचे स्मारक आणि सुभाषचंद्र बोस ज्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते त्याची आठवण देणारे प्रवेशद्वार, हे सर्व जबलपुरात आणि त्याच्या पंचवीसेक किलोमीटरच्या परिघात आहे.

मात्र हा ठेवा एका जागी नाही. राजधानीचे घडीव चिरे रेल्वेच्या बांधकामात गेले, एका राणीचा शिलालेख अमेरिकेत पोहोचला आणि येथील टेकडीत सापडलेली डायनोसॉरची हाडे कोलकाता व लंडन येथील संग्रहांत आहेत. त्यामुळे जबलपूरची स्मारके पाहताना जे जागेवर उरले, जे शहरातील संग्रहालयात आणले गेले आणि जे कायमचे दूर गेले, या तिन्हींचा विचार करावा लागतो.

शहराच्या नावाविषयी दोन व्युत्पत्ती नेहमी सांगितल्या जातात. एक जाबाली ऋषींशी जोडलेली, दुसरी डोंगर या अर्थाच्या 'जबल' या अरबी शब्दाशी. अभ्यासकांचा कल मात्र तिसरीकडे आहे. कलचुरींच्या लेखांत 'जाउलीपत्तला' या प्रदेशविभागाचा उल्लेख येतो आणि त्यावरून जबलपूर हे नाव आले असावे, असे मानले जाते. 'संस्कारधानी' हे शहराचे बिरुद आचार्य विनोबा भावे यांनी दिल्याचे येथील नागरिक अभिमानाने सांगतात.

तेवर : नांगराखालची राजधानी

जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना सुमारे तेरा किलोमीटरवर तेवर हे गाव लागते. बाहेरून पाहिल्यास मध्य प्रदेशातील कोणत्याही मोठ्या खेड्यासारखे ते दिसते. प्राचीन त्रिपुरी ती हीच. कलचुरी घराण्याच्या चेदी किंवा डाहल शाखेने येथून सुमारे चार शतके राज्य केले. अकराव्या शतकात भारतात आलेल्या अल्-बिरूनीने डाहल देशाची राजधानी म्हणून या नगरीचा आणि तत्कालीन राजा गांगेयदेव याचा उल्लेख केला आहे. गांगेयाचा पुत्र लक्ष्मीकर्ण, म्हणजेच कर्ण, हा या वंशातील सर्वांत पराक्रमी राजा. तेवरलगतच्या 'करणबेल' या परिसराच्या नावात त्याची स्मृती टिकून आहे.

या राजधानीचे जमिनीवर फारसे काही उरलेले नाही. त्यामागे केवळ काळाचा वा आक्रमणांचा हात नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात येथे आले, तेव्हा करणबेलचे घडीव दगड रेल्वेच्या कंत्राटदारांनी उचलून नेल्याचे त्यांनी नोंदविले. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. अलाहाबादहून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये जबलपूरला पोहोचला. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मार्च १८७० मध्ये त्याला येथेच येऊन मिळाला आणि मुंबई व कोलकाता ही शहरे प्रथमच सलग लोहमार्गाने जोडली गेली. देशाच्या दळणवळणात हा टप्पा मोठाच होता. त्याची किंमत त्रिपुरीने आपल्या चिऱ्यांनी मोजली, याचा उल्लेख मात्र रेल्वेच्या गौरवगाथेत क्वचितच आढळतो.

जमिनीखाली काय आहे, याचा पहिला पद्धतशीर शोध स्वातंत्र्यानंतर घेतला गेला. सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ मध्ये त्रिपुरीचे उत्खनन सुरू केले आणि त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. कलचुरींच्या कित्येक शतके आधीपासून येथे नगर वसले होते, हे त्यातून दिसून आले. त्याच वर्षी नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादित केलेला कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा बृहत् संग्रह प्रकाशित झाला. इ.स. २४८-४९ पासून मोजल्या जाणाऱ्या या संवताची कालगणना आणि या घराण्याचा क्रम निश्चित करण्याच्या कामात मिराशी यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी मराठीतूनही कलचुरींविषयी ग्रंथरचना केली. त्रिपुरी नकाशावर पुन्हा आणणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत, ही गोष्ट महाराष्ट्रात आज फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०२० मध्ये जबलपूर हे स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि त्यानंतर तेवर येथे पुन्हा उत्खनन हाती घेतले. प्राचीन नगरीचा मोठा भाग शेते आणि घरांखाली असल्याने हे काम संथ गतीनेच होणार. गावातील त्रिपुरसुंदरीचे मंदिर आजही नांदते आहे. नवरात्रात तेथे दूरदूरहून भाविक येतात आणि राजधानीचे नाव देवीच्या नावातून लोकांच्या ओठी राहिले आहे.

चौसष्ट योगिनी मंदिर, भेडाघाट

तेवरच्या पुढे, नर्मदेकाठच्या एका टेकडीवर, शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर चौसष्ट योगिनी मंदिर लागते. जबलपूर परिसरातील एकच वास्तू पाहण्याइतका वेळ असेल, तर ती हीच असावी.

मंदिर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारे गर्भगृह, मंडप व शिखर असे येथे मूळ रचनेत काहीच नाही. एक मोठे वर्तुळाकार उघडे अंगण आणि त्याभोवती आतल्या बाजूस तोंड असलेली ओवऱ्यांची सलग रांग, एवढीच ही रचना आहे. अंगणाचा आतील व्यास सुमारे ३५ मीटर भरतो. ओवऱ्यांचे ८४ खण असून त्यांतील तीन प्रवेशासाठी सोडलेले आहेत. उरलेल्या ८१ खणांत मूर्तींची योजना होती. म्हणजे नाव चौसष्टचे असले, तरी येथील मंडल एक्याऐंशी देवतांचे आहे. योगिनींची मंदिरे देशात मोजकीच आहेत. ओडिशातील हिरापूर व राणीपूर-झरियाल आणि ग्वाल्हेरजवळील मितावली येथील मंदिरे अशीच वर्तुळाकार व मध्यभागी आकाशाला खुली आहेत, तर खजुराहोचे मंदिर आयताकृती आहे. भेडाघाटचे मंदिर या सर्वांत आकाराने मोठ्यांपैकी आहे.

मूर्ती घडविणाऱ्यांनी अभ्यासकांवर एक उपकार करून ठेवला आहे. बहुतेक मूर्तींच्या पीठावर त्या त्या देवतेचे नाव कोरलेले आहे. ब्रह्माणी, माहेश्वरी, वैष्णवी या परिचित मातृका येथे आहेत, तशीच जान्हवी आहे आणि अन्यत्र कोठे न भेटणारी कित्येक नावेही आहेत. महिषासुराचा वध करणारी देवी ओळखीची वाटते, पण तिच्या पीठावर नाव आहे 'तेरंवा'. शास्त्रग्रंथांतील योगिनींच्या याद्या आणि या पीठांवरील नावे जुळत नाहीत. लोकदेवता, ग्रामदेवता आणि तंत्रमार्गातील देवता यांचे एकत्रीकरण राजाश्रयाखाली कसे झाले असेल, याची कल्पना त्यावरून येते.

अक्षरांच्या वळणावरून मंदिर दहाव्या शतकातील मानले जाते. कलचुरी घराण्यात युवराजदेव नावाचे दोन राजे होऊन गेले. मंदिर त्यांपैकी पहिल्याचे की दुसऱ्याचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बहुसंख्य मूर्ती भग्न आहेत. हात, नाके, कोठे मस्तके तोडलेली आहेत. तरीही अंगाची ठेवण, अलंकारांचे कोरीवकाम आणि पीठावरील वाहनांतील जिवंतपणा पाहता येतो. सकाळच्या तिरप्या उन्हात पूर्वाभिमुख मूर्तींचे बारकावे अधिक स्पष्ट दिसतात. संपूर्ण वर्तुळ पाहायचे तर घाईने एक फेरी मारून भागत नाही.

अंगणातील गौरीशंकराचे मंदिर नंतरचे आहे. नंदीवर आरूढ शिवपार्वतीची मूर्ती तेथे पूजेत आहे. कलचुरी राजा गयाकर्ण याची राणी अल्हणदेवी हिने येथे शिवमंदिर व मठ उभारल्याचे तिच्या शिलालेखावरून कळते. त्यावर कलचुरी संवत ९०७, म्हणजे इ.स. ११५५ असे वर्ष आहे. हा शिलालेख आज भेडाघाटला नाही आणि भारतातही नाही. मध्य भारतात शिक्षण खात्यात अधिकारी असलेले संस्कृतज्ञ फिट्झएडवर्ड हॉल यांनी एकोणिसाव्या शतकात तो वाचून प्रसिद्ध केला आणि पुढे तो अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या न्यू हेवन येथील संग्रहात गेला. राणीने ज्या मंदिरासाठी तो कोरविला, ते मंदिर नर्मदेकाठी आहे आणि त्याचे प्रमाणपत्र अटलांटिकपार आहे.

मंदिराखालीच भेडाघाटचे संगमरवरी खडक सुरू होतात. त्यांचे वर्णन येथे करण्याचे प्रयोजन नाही. 'नर्मदा खोऱ्यातील भेडाघाट-लमेटाघाट' हे स्थळ २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाले, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.

राणी दुर्गावती संग्रहालय

तेवर व भेडाघाटला जे पाहिले, त्याची उरलेली बाजू शहरात नेपिअर टाउन भागात भंवरताल उद्यानाजवळच्या राणी दुर्गावती संग्रहालयात पाहायला मिळते. १९७६ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या राज्य शासनाच्या या संग्रहालयात शैव, वैष्णव व जैन शिल्पे, शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि आदिवासी जीवनाशी संबंधित वस्तू आहेत. चौसष्ट योगिनींच्या छायाचित्रांचे दालनही आहे. भेडाघाटला पायऱ्या चढणे ज्यांना शक्य नाही, अशा ज्येष्ठांसाठी ते दालन खरोखर उपयोगाचे आहे. एरवीही, आधी ही छायाचित्रे पाहून मग मंदिराकडे जावे. भग्न मूर्ती ओळखणे त्याने सोपे होते.

संग्रहालयातील शिल्पांचा मोठा भाग कलचुरी काळातील आहे. खजुराहोच्या चंदेलांचे हे शेजारी. दोन्ही राज्यांची शिल्पकला एकाच काळात बहरली. खजुराहोला मंदिरे उभी राहिल्यामुळे तिचे शिल्प जागच्या जागी पाहता येते आणि म्हणून जगप्रसिद्ध झाले. कलचुरींची मंदिरे बहुतांशी कोसळली, त्यांचे शिल्प सुटे झाले आणि गावोगावच्या पारांवर, भिंतींत, विहिरींच्या कठड्यांत व अखेर संग्रहालयांत विखुरले. गुणवत्तेत ते कमी नाही. ज्यांना घाई नाही, त्यांनी स्वतः ताडून पाहावे.

या परिसरातील सर्वच अवशेष जबलपूरला राहिले असे नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, तेव्हा त्याची राजधानी नागपूर झाली आणि १८६३ मध्ये तेथे मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. प्रांतातील शिल्पे व लेख साहजिकच तिकडे जाऊ लागले. महाराष्ट्रातील वाचकांना कलचुरी कलेची तोंडओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवात नागपुरातही करता येईल.

मदनमहाल आणि गोंडवानाची राणी

कलचुरींनंतर या प्रदेशावर गढा येथील गोंड राजांचे राज्य आले. गढा हा आज जबलपूर शहराचाच भाग आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील राजा संग्रामशाह याच्या ताब्यात बावन्न गड होते, अशी ख्याती आहे. त्याने बांधविलेला संग्रामसागर तलाव आणि त्याच्या काठचे बाजनामठ हे भैरवाचे स्थान आजही आहे.

ग्रॅनाइटच्या टेकड्यांच्या माथ्यावरील मदनमहाल ही गोंड राजवटीची सर्वाधिक परिचित वास्तू. राजा मदनसिंह याच्या नावाने ती ओळखली जाते. तिचा काळ अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत मागे नेला जातो, पण हे परंपरेचे सांगणे आहे. 'किल्ला' या शब्दाने महाराष्ट्रातील दुर्गप्रेमींच्या मनात जी अपेक्षा निर्माण होते, ती घेऊन येथे येऊ नये. तटबंदी, बुरूज, माची असा विस्तार येथे नाही. एका प्रचंड खडकावर उभारलेली ही आटोपशीर दुमजली वास्तू आहे, तिच्या पायथ्याशी तबेला व अन्य खोल्यांचे अवशेष आणि एक लहान हौद आहे. राजनिवासापेक्षा टेहळणीचे ठाणे म्हणूनच ती अधिक पटते. वरून संपूर्ण शहर दृष्टीच्या टप्प्यात येते.

वाटेत लागणारी 'संतुलित शिळा' पाहण्यास मोठी गर्दी असते. एका खडकावर दुसरा महाकाय खडक अगदी थोड्या जागेवर टेकलेला आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला भूकंपाचा तीव्र धक्का बसला, अनेकांचे प्राण गेले, हजारो घरांची हानी झाली. ही शिळा मात्र जागची हलली नाही. याच टेकड्यांवर पुढे वस्ती वाढत गेली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अलीकडच्या वर्षांत हजारो अतिक्रमणे हटविण्यात आली. टेकडी मोकळी झाली, तेथे राहणाऱ्या कुटुंबांना मात्र शहराच्या टोकाला नव्याने बस्तान बसवावे लागले.

मदनमहालशी लोकस्मृतीने राणी दुर्गावती हिचे नाव जोडले आहे. कालिंजरच्या चंदेल घराण्यात ५ ऑक्टोबर १५२४ रोजी जन्मलेली दुर्गावती संग्रामशाहचा पुत्र दलपतशाह याची राणी झाली. पतीच्या अकाली निधनानंतर अल्पवयीन पुत्र वीरनारायण याच्या नावे तिने सुमारे दीड दशक राज्य चालविले. तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाचा आधारताल, राणीच्या नावाचा राणीताल आणि तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल ही जबलपूरच्या वस्त्यांची नावे आहेत. यांतील काही तलाव बुजून त्यांवर वसाहती उभ्या राहिल्या आणि केवळ नावापुरताच 'ताल' उरला. तरीही राज्यकर्तीने तलाव खोदले आणि लोकांनी तिला त्या नावांनी स्मरणात ठेवले, ही गोष्ट अहिल्याबाई होळकरांच्या घाटांशी परिचित असलेल्या मराठी वाचकास जवळची वाटेल.

अकबराचा सरदार आसफखान याने १५६४ मध्ये गोंडवानावर चाल केली. नर्रई येथील लढाईत बाणांनी घायाळ झालेल्या राणीने शत्रूच्या हाती पडण्याऐवजी स्वतःच्या हाताने देह ठेवला. तो दिवस २४ जून १५६४. बरेला गावाजवळ, मंडल्याच्या मार्गावर, तिची समाधी आहे आणि दरवर्षी या दिवशी तेथे गोंड समाज मोठ्या संख्येने जमतो. मदनमहाल परिसरात राणीच्या भव्य स्मारकाचे व उद्यानाचे भूमिपूजन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. सुमारे १०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात राणीच्या ५२ फूट उंचीच्या कांस्य पुतळ्याची योजना आहे.

मराठ्यांची छत्तीस वर्षे

गोंड राज्याचा शेवट मराठ्यांनी केला, हे महाराष्ट्रात क्वचितच आठवले जाते. पेशवा बाळाजी बाजीराव याने १७४२ मध्ये मंडल्यावर स्वारी केली. तीत गोंड राजा महाराजशाह मारला गेला आणि राज्यावर चौथाई बसली. पुढे १७८१ मध्ये सागरच्या मराठा कारभाऱ्यांनी गढा-मंडला आपल्या अमलाखाली आणले. पेशव्यांनी १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला. सीताबर्डीच्या लढाईच्या धामधुमीत, डिसेंबर १८१७ मध्ये, जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. छत्तीस वर्षांच्या या अमलाची ठळक अशी एकही वास्तू शहरात प्रवाशाला दाखविली जात नाही. त्या काळापासून व पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त येथे आलेली मराठी कुटुंबे मात्र शहरात रुजली.

स्लीमन, ठग आणि डायनोसॉर

कंपनी सरकारच्या काळात जबलपूरचे नाव सर्वदूर झाले ते ठगांमुळे. ठगांच्या टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेचा सूत्रधार विल्यम स्लीमन याचे ठाणे येथे होते. माफीचे साक्षीदार बनलेल्या ठगांना व त्यांच्या मुलांना विणकाम, तंबू व गालिचे बनविणे शिकविणारी उद्योगशाळा १८३७ मध्ये येथे सुरू झाली. 'ठग' हा एकसंध धर्मपंथ होता, ही स्लीमनने रंगविलेली प्रतिमा आजचे इतिहासकार जशीच्या तशी स्वीकारत नाहीत.

याच स्लीमनच्या नावावर आणखी एक नोंद आहे, जी ठगांपेक्षा अधिक टिकाऊ ठरली. छावणीजवळच्या बडा सिमला टेकडीवर १८२८ मध्ये त्याला काही अश्मीभूत हाडे सापडली. रिचर्ड लायडेकर याने १८७७ मध्ये त्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' या प्राण्याचे वर्णन केले. आशियात सापडलेले हे पहिले डायनोसॉरचे अवशेष मानले जातात. जबलपूरजवळील लमेटाघाटावरून या खडकांना 'लमेटा' हे नाव मिळाले आणि विदर्भापासून गुजरातपर्यंत जेथे जेथे हे खडक आहेत, तेथे ते त्याच नावाने ओळखले जातात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स मॅटली याने येथे पुन्हा खोदकाम केले आणि 'जबलपुरिया' व 'लॅमेटासॉरस' ही नावे जीवाश्मशास्त्रात रूढ झाली.

स्लीमनला सापडलेले मूळ मणके दीर्घकाळ गहाळ समजले जात होते. ते २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता येथील संग्रहात पुन्हा हाती लागले. ज्या टेकडीत ते निघाले, तिच्या भोवती आज संरक्षण उत्पादनाचे कारखाने आणि वसाहती आहेत.

१८५७ : नवे संग्रहालय, जुने कारागृह

शहरातील सर्वांत नवे संग्रहालय एका वेदनादायक घटनेच्या जागी उभे आहे. गढा-मंडल्याच्या राजघराण्याचा वृद्ध वंशज राजा शंकरशाह आणि त्याचा पुत्र रघुनाथशाह यांच्याकडे राज्य उरले नव्हते, मान मात्र होता. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांच्या विरोधात कट केल्याच्या आरोपावरून दोघांना पकडण्यात आले. शत्रूचा संहार कर, अशी देवीला विनवणी करणारी कविता घराच्या झडतीत सापडली आणि तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. १८ सप्टेंबर १८५७ रोजी पितापुत्रांना जमावासमक्ष तोफेच्या तोंडी देण्यात आले. दहशत बसावी हा हेतू होता. परिणाम उलट झाला. त्याच रात्री छावणीतील ५२ वी देशी पलटण बंड करून बाहेर पडली.

त्यांना शेवटचे दिवस जेथे कोंडून ठेवले होते, त्या जुन्या वास्तूचे जतन करून 'राजा शंकरशाह व कुंवर रघुनाथशाह आदिवासी स्वातंत्र्यसैनिक संग्रहालय' साकारण्यात आले. जनजातीय गौरव दिनी, १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, पंतप्रधानांनी त्याचे दूरस्थ पद्धतीने उद्घाटन केले. राणी दुर्गावती संग्रहालयात वस्तू मूळ जागेपासून आणून मांडल्या आहेत. येथे जागा हाच मुख्य पुरावा आहे, आणि दालनांतील मांडणीपेक्षा त्या भिंतीच पाहणाऱ्याच्या मनावर अधिक ठसा उमटवितात.

टाउन हॉल, कमानिया आणि उच्च न्यायालय

विसाव्या शतकातील जबलपूर जुन्या बाजारपेठेत पायी फिरून पाहावे. बडा फुहारा, सराफा, हनुमानताल हे भाग एकमेकांना लागून आहेत. हनुमानतालच्या काठावरील मोठ्या जैन मंदिरात कलचुरी काळातील आदिनाथाची मूर्ती पूजेत आहे. संग्रहालयात गेली नाही म्हणून ती देवपण राखून आहे.

व्हिक्टोरिया टाउन हॉल, म्हणजे आजचे गांधी भवन, हे झेंडा सत्याग्रहाचे आरंभस्थान. मार्च १९२३ मध्ये सत्याग्रहींनी या सरकारी इमारतीवर चरखांकित तिरंगा फडकविला. पुढे या लढ्याचे केंद्र नागपूर झाले आणि जमनालाल बजाज व वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली तो देशभर गाजला. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान याच शहरात राहत आणि या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला.

कमानिया दरवाजा वयाने मोठा नाही, पण त्याच्यामागील प्रसंग मोठा आहे. मार्च १९३९ मध्ये तिलवाराघाटाजवळ काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले. प्राचीन राजधानीच्या सन्मानार्थ त्याला 'त्रिपुरी काँग्रेस' म्हटले गेले. जानेवारीतील निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांनी गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभी सीतारामय्या यांचा १३७७ विरुद्ध १५८० मतांनी पराभव केला होता. अधिवेशनाला बोस तापाने फणफणलेल्या स्थितीत आले. अध्यक्षांच्या मिरवणुकीत ५२ हत्ती होते, पण अध्यक्ष स्वतः नव्हते. त्यांची प्रतिमा मिरविण्यात आली. गांधीजी त्या वेळी राजकोटला होते. गोविंद वल्लभ पंत यांच्या ठरावाने कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्याचे बंधन अध्यक्षांवर घातले गेले आणि एप्रिलअखेर बोस यांनी राजीनामा दिला. या अधिवेशनाची आठवण म्हणून हे प्रवेशद्वार उभारण्यात आले. बाजाराच्या गजबजाटात आज ते जवळजवळ हरवून गेले आहे. बोस यांचे जबलपूरशी त्याआधीचे नाते मध्यवर्ती कारागृहाचे आहे. कायदेभंगाच्या काळात ते येथे बंदिवान होते आणि कारागृहाला आता त्यांचेच नाव आहे. तिलवाराघाटावर गांधी स्मारक आहे. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी येथे नर्मदेत विसर्जित करण्यात आल्या.

उच्च न्यायालयाची इमारत राजा गोकुलदास यांच्या पुढाकाराने बांधली गेली. तिचा आराखडा, पुढे मैसूरच्या राजवाड्यामुळे ख्यातनाम झालेल्या हेन्री अर्विन यांचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेही नागपूरहून येथे आले. आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असा निर्णय याच इमारतीतून दिला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मताने तो फिरविला. 'एडीएम जबलपूर' या नावाने प्रसिद्ध असलेला तो खटला २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने चुकीचा ठरविला. त्यामुळे कायद्याच्या विद्यार्थ्यांना जबलपूर हे नाव भेडाघाटाच्या आधी माहीत असते.

भेट देणाऱ्यांसाठी

मुंबईहून इटारसीमार्गे थेट रेल्वेगाड्या आहेत. नागपूरहून सिवनीमार्गे रस्त्याने येता येते, तर गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे रेल्वेने. हा गोंदिया मार्ग पूर्वी अरुंद रुळांचा होता, तो आता रुंदमापी झाला आहे. डुमना येथे विमानतळ आहे.

सर्व स्थळांसाठी दोन पूर्ण दिवस हवेत. पहिल्या दिवशी राणी दुर्गावती संग्रहालय, शंकरशाह-रघुनाथशाह संग्रहालय, जुनी बाजारपेठ व सायंकाळी मदनमहाल पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवर व त्यानंतर चौसष्ट योगिनी मंदिर आणि भेडाघाट. उन्हाळ्यात मंदिराच्या पायऱ्या दुपारी चढू नयेत, दगड तापतात आणि अंगणात सावली नाही. पावसाळ्यात खडकांमधील नौकाविहार बंद असतो, मंदिर मात्र पाहता येते. राज्य शासनाची संग्रहालये साधारणतः सोमवारी बंद असतात, म्हणून दौरा आखताना तो दिवस तेवर-भेडाघाटसाठी ठेवावा. तेवरला माहितीफलकांवर विसंबून राहू नये. तेथे पाहण्यासारखे बरेचसे गावाच्या चौथऱ्यांवर आणि झाडांखाली आहे आणि ते दाखविणारे गावकरीच असतात.